पात्याचें पाणी आणि कारागिरांची श्रेणी

डहाणूजवळ समुद्राला मिळणारी नदी कांहीं मोठी नव्हे. परंतु तिचें नांव जवळजवळ एकोणीसशें वर्षांपूर्वीं दगडावर कोरलें गेलें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें आपल्या दानधर्माची यादी खोदवून ठेविली आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका ह्या सहा नद्यांवर वाटसरूंना फुकट उतरून जातां यावें म्हणून त्यानें होड्या ठेविल्या, असें तींत म्हटलें आहे. ही दाहनुका म्हणजेच डहाणूची नदी. त्याच लेखांत नानंगोल गांवच्या ३२,००० नारळीच्या झाडांचें दान नमूद असून, तलासरीच्या पश्चिमेस संजाणजवळ किनाऱ्यावर असलेलें नारगोल तेंच हें गांव, असें विद्वान् मानतात.

ह्याच लेण्यांतील उषवदाताचा दुसरा एक लेख कारागिरांच्या इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा आहे. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं व किरकोळ खर्चासाठीं त्यानें ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. ही ठेव त्यानें कोणा सावकाराकडे ठेविली नाहीं. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेंकडा एक ह्या दरानें, व दुसऱ्या श्रेणीकडे १,००० दरमहा शेंकडा पाऊण ह्या दरानें ठेविले. मुद्दलाला हात लावावयाचा नाहीं, व्याज तेवढें खर्चावयाचें. हिशेब चोख आहे. दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४० कार्षापण होतें, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा प्रमाणें बरोबर तितकेच लागतात. उरलेल्या हजारांचे ९० किरकोळ खर्चाला. हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकवून दप्तरीं नोंदविला गेला.

आतां प्रश्न असा येतो कीं, राजाच्या जांवयानें आपला पैसा हातमागावर राबणाऱ्या माणसांकडे कां ठेवावा? ह्याचें उत्तर श्रेणी ह्या संस्थेंत आहे. एकटा विणकर कितीही प्रामाणिक असला, तरी तो आजारी पडतो, गांव सोडून जातो, मरतो. श्रेणी मरत नाहीं. तिच्यांत आज पन्नास हात असतील, उद्यां त्यांतले पांच जातील आणि सात नवे येतील. शब्द मात्र श्रेणीचा राहतो. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणींकडे ठेविलेल्या अशाच ठेवींचे लेख आहेत. तिसऱ्या शतकांत आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या कारकीर्दींत विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं कुंभार, जलयंत्रें करणारे व तेली ह्यांच्या श्रेणींकडे रकमा ठेविल्या. लाट देशांतील, म्हणजे डहाणूच्या उत्तरेकडील प्रांतांतील, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी तर घरदार सोडून माळव्यांत दशपुराला गेली. तिनें तेथें इ. स. ४३६ मध्यें सूर्यमंदिर बांधलें, आणि सुमारें सदतीस वर्षांनीं त्याचा जीर्णोद्धारही केला. तोंपर्यंत तिच्यांतील कित्येकांनीं निराळे व्यवसाय धरले होते, तरी मंदिर नव्यानें उभारण्याची जबाबदारी श्रेणीनेंच पत्करली.

विणकर व कांसार ह्यांना जें लागू, तें लोहाराला, विशेषतः सुरी, कोयता, विळा अशीं धारेचीं हत्यारें घडविणाऱ्याला, अधिकच लागू आहे. त्याचें कारण त्याच्या मालाच्या स्वरूपांत आहे. वस्त्राचा पोत बोटांना कळतो. मडकें वाजवून पाहतां येतें. पण पात्याचा खरा गुण डोळ्यांना दिसत नाहीं. लोखंड लालबुंद तापवून पाण्यांत वा तेलांत बुडविलें म्हणजे तें कांचेसारखें कठीण व ठिसूळ होतें. मग तें पुन्हा हलक्या आंचेवर धरून गवती पिवळ्या वा निळसर रंगापर्यंत आणावें लागतें. ह्यालाच पात्याला पाणी देणें म्हणतात. क्षणभर अधिक तापलें तर धार मऊ पडते. कमी तापलें तर पातें पहिल्याच गांठाळ लाकडावर तुकडा टाकतें. चांगलें पाणी दिलेलें आणि वाईट पाणी दिलेलें अशीं दोन पातीं शेजारीं शेजारीं मांडलीं, तर गिऱ्हाइकाला त्यांत फरक दिसणार नाहीं. तो महिन्याभरानें, कामाच्या ऐन गर्दींत, रानांत कळून येतो. म्हणून धारेच्या हत्याराच्या व्यापारांत विश्वास हाच अर्धा माल असतो, आणि हा विश्वास अनोळखी माणसापर्यंत कसा पोहोंचवावा, हाच ह्या धंद्यापुढचा जुना प्रश्न आहे.

महाराष्ट्राच्या जुन्या गांवगाड्यानें हा प्रश्न आपल्या परीनें सोडविला होता. लोहार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. पिढीजात काम, वर्षाअखेर धान्याच्या रूपानें मोबदला. कुळव्याचा फाळ मऊ निघाला तर तो घेऊन शेतकरी दुसऱ्या दिवशीं त्याच भात्यापुढें उभा राहत असे. तेव्हां खुणेची व प्रमाणपत्राची गरज नव्हती, कारण कारागीर आणि गिऱ्हाईक एकाच शिवारांत जन्मत व मरत. परंतु ह्या व्यवस्थेची मर्यादाही त्यांतच होती. लोहाराची कीर्ति गांवाच्या शिवेपाशीं थांबे, आणि त्याची विद्या घराच्या उंबऱ्यापाशीं. बाप मुलाला शिकवी. मुलगा नसला, किंवा असूनही गिरणींत गेला, तर विद्या बापाबरोबर संपे.

ही हानि केवढी असूं शकते, ह्याचें ढळढळीत उदाहरण दक्षिणेच्या पोलादाचें आहे. उक्कू किंवा वुट्झ ह्या नांवानें जगप्रसिद्ध झालेलें हें पोलाद तेलंगणांतील कोनसमुद्रम् सारख्या गांवीं मुशींत तयार होई, आणि इराणचे व्यापारी तें न्यावयाला येत. १७९४ सालीं मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनीं त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे धाडले. पुढच्याच वर्षीं जॉर्ज पिअर्सन ह्यांनीं त्यावर निबंध वाचला. नंतर जेम्स स्टोडार्ट नांवाच्या, धारेचीं हत्यारें करणाऱ्या लंडनमधील कारागिरानें त्याचीं पातीं घडविलीं, आणि सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे ह्यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. ह्या स्टोडार्टला १८२१ सालीं रॉयल सोसायटीचें सभासदत्व मिळालें. एकीकडे सुऱ्या करणारा कारागीर विद्वानांच्या सभेंत बसला, त्याचे प्रयोग छापले गेले व पुढच्यांना उपयोगी पडले. दुसरीकडे ज्यांनीं तें पोलाद प्रथम केलें त्यांची विद्या कोणत्याही सभेंत वाचली गेली नाहीं. कारखान्यांतलें स्वस्त पोलाद आलें, रानें तोडलीं गेलीं, कोळसा महागला, आणि मुशीची ती रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ लोपली. विसाव्या शतकांत ती पुन्हा शोधून काढण्यासाठीं धातुशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षें खपावें लागलें.

युरोपांत सुऱ्या करणाऱ्यांचे संघ फार जुने. लंडनच्या संघाला पांचव्या हेन्री राजाकडून १४१६ सालीं सनद मिळाली. पण अधिक बोधप्रद गोष्ट शेफील्डची आहे. त्या गांवच्या परिसराला हॅलमशायर म्हणत. १६२४ सालीं पार्लमेंटनें कायदा करून तेथील सुऱ्या, विळे, मोठ्या व लहान कात्र्या करणाऱ्यांचा संघ स्थापिला. कायद्यांत सुरीबरोबर विळ्याचेंही नांव आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे; शेतकऱ्याचें हत्यार करणारा तेथें हलका गणला गेला नाहीं. उमेदवारी किमान सात वर्षांची, आणि प्रत्येक सभासदाची खूण संघाच्या वहींत नोंदलेली. ती खूण पात्यावर ठोकली म्हणजे दूरदेशींच्या गिऱ्हाइकालाही कळे कीं, हें पातें अमक्याचें आहे; तें वाईट निघालें तर तक्रार कोणाकडे न्यावयाची, हेंही कळे. शेफील्डचें नांव जगभर गेलें तें तेथल्या पाण्याच्या चक्क्यांमुळें व वालुकाश्माच्या शाणांमुळें. पण तें टिकण्यांत ह्या वहीचा वांटा लहान नव्हता.

तथापि, संघ म्हटला कीं सारें सोन्यासारखें, असें इतिहास सांगत नाहीं. जी वही खोट्या खुणेला अडविते, तीच नव्या माणसालाही अडवूं शकते. सभासद नसलेल्याला धंदाच करूं द्यावयाचा नाहीं, अशी मक्तेदारी शेफील्डच्या संघाला मिळाली होती. ती इतकी जाचक झाली कीं १८१४ सालच्या कायद्यानें ती काढून टाकावी लागली. पुढें तेथील शाणेवर काम करणाऱ्यांनीं आपल्या स्वतंत्र संघटना केल्या. दगडाची व पोलादाची धूळ फुप्फुसांत जाऊन हीं माणसें ऐन उमेदींत मरत. आजाऱ्याला व विधवेला मदत हा ह्या संघटनांचा मोठा आधार होता. पण वर्गणी न देणाऱ्याचीं हत्यारें पळविण्यापर्यंत, आणि १८६६ सालीं एकाच्या घरांत बंदुकीच्या दारूचा स्फोट करण्यापर्यंत मजल गेली. सरकारी चौकशी झाली, आणि सर्व इंग्लंडांत कामगार-संघटनांच्या हक्कांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यांतूनच १८७१ चा कायदा निघाला. संघांत येणें हें ज्याच्या त्याच्या राजीखुषीचें असेल तरच त्याची किंमत राहते, हा धडा शेफील्डनें दोनदां गिरविला.

विसाव्या शतकांत हा प्रश्न अमेरिकेंत नव्या रूपानें उभा राहिला. कारखान्यांच्या सुऱ्यांनीं बाजार भरला असतां, गिऱ्हाइकाच्या हाताच्या बेतानें एकेक सुरी घडविणारे थोडे कारागीर तेथें उरले होते, आणि ते एकमेकांपासून शेंकडों मैल दूर, आपापल्या पडवींत काम करीत. १९७० सालीं त्यांच्यापैकीं कांहींनीं ‘नायफमेकर्स गिल्ड’ स्थापिलें. १९७३ सालीं ह्या संघाच्या प्रदर्शनांत बिल मोरन ह्या मेरीलंडच्या लोहारानें घड्या घालून जोडलेल्या पोलादाच्या, पाण्याच्या लाटांप्रमाणें नक्षी दिसणाऱ्या सुऱ्या मांडल्या. ही रीत त्यानें मोठ्या कष्टानें साध्य केली होती. ती त्यानें गुप्त ठेविली असती तर त्याला दोष कोणी दिला नसता. परंतु कृति सांगणारी पुस्तिका छापून ती त्यानें प्रदर्शनांतच फुकट वांटली. तीन वर्षांनीं, १९७६ सालीं, मोरन व त्याचे सहकारी ह्यांनीं ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ काढली.

ह्या संस्थेची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. कांहीं वर्षें उमेदवारी केल्यावर सभासद स्वतः घडविलेली सुरी घेऊन निष्णात लोहारापुढें येतो. प्रथम मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका फटक्यांत कापावयाचा. मग दोन इंच जाड व चार इंच रुंद लांकूड दोनदां तोडावयाचें. त्यानंतर त्याच धारेनें, पुन्हा न परजतां, हातावरचे केस उतरले पाहिजेत. शेवटीं पातें शेगड्यांत धरून काटकोनापर्यंत वांकवावयाचें; तें मोडतां कामा नये. म्हणजे जो गुण डोळ्यांना दिसत नाहीं, तोच नेमका येथें चारचौघांसमक्ष सिद्ध करावा लागतो. हें झाल्यावर पांच सुऱ्या परीक्षकांपुढें मांडून त्यांची सफाई तपासली जाते, आणि मग पात्यावर पदवीचीं अक्षरें कोरण्याचा हक्क मिळतो. आणि परीक्षा न दिलेल्या माणसाला सुऱ्या करण्यास कोणी बंदी करीत नाहीं. गिऱ्हाइकाला निवडीचें साधन मिळतें, कारागिराला शिकण्याचें. शेफील्डची मक्तेदारी टाळून शेफील्डची खूण तेवढी घेतलेली आहे.

हें सारें डहाणू-तलासरीच्या रानांत कशाला सांगावें, असें कोणी म्हणेल. पण गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणें पातें घडविण्याची गरज ह्या भागाइतकी क्वचित् कोठें असेल. वारल्याच्या कमरेच्या आकडींत अडकविलेला कोयता राबासाठीं फांद्या उतरवितो, बांबू चिरतो, कूड-कुंपणाचें लांकूड तासतो. ताडी काढणाऱ्याला रोज माडाच्या पोयीचा पातळ काप घ्यावयाचा असतो. त्याचें पातें हलकें व वस्तऱ्यासारखें लागतें. किनाऱ्यावरील कोळणीला मासळी साफ करावयाची, घोलवडच्या बागाईतदाराला चिकूच्या फांद्या छाटावयाच्या, गवत कापणाऱ्याला दिवसभर वांकून न थकविणारा विळा हवा. वजन, बांक, मूठ, सारेंच निराळें. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचें पोलाद ह्या कामीं चांगलें येतें, पण त्याला पाणी कसें द्यावें हें हातालाच ठाऊक असावें लागतें. कारखान्यांतून एकाच सांच्याचा कोयता येतो, तो स्वस्त असतो, आणि त्याच्याशीं एकट्या लोहारानें झुंजावें अशी आज स्थिति आहे.

संघटनेचा अर्थ ह्या भूमीला परका मात्र नाहीं. हातांत विळा असलेल्यांनींच तो येथें प्रथम शिकविला. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळील झरी गांवीं आदिवासींची मोठी परिषद् भरली आणि वेठबिगार न करण्याचा निश्चय झाला. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारपणाखालीं किसान सभेनें पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरीची मागणी केली. एकटा गडी कमी दरास नकार देई तेव्हां त्याच्या जागीं दुसरा येई. सगळ्यांनीं विळे खालीं ठेविले, तेव्हां जमीनदारांना बोलणें भाग पडलें. ह्यासाठीं किंमत द्यावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड ह्यांच्यासह पांच जण ठार झाले. ही लढाई विळा घडविणाऱ्यांची नव्हे, विळा चालविणाऱ्यांची होती. पण हात एकत्र आले म्हणजे दर बदलतो, ही गोष्ट ह्या खेड्यापाड्यांनीं पुस्तकांतून शिकलेली नाहीं.

अलीकडच्या काळानें ह्याच भागांत आणखी एक उदाहरण दिलें. गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांनीं वारली चित्रकला साऱ्या जगाला दाखविली; २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते निवर्तले. परंतु एका कलावंताची कीर्ति, ती कितीही थोर असली तरी, बाजारांतील नकला थांबवूं शकत नाहीं. १९९९ सालच्या भौगोलिक निर्देशनांच्या कायद्यांत नांवाच्या संरक्षणासाठीं अर्ज एकट्यादुकट्या कारागिराला करतां येत नाहीं; तो उत्पादकांच्या संघानें किंवा त्यांचें हित पाहणाऱ्या संस्थेनेंच करावा लागतो. वारली चित्रकलेसाठीं डहाणू भागांतील आदिवासी युवा सेवा संघानें तो केला, आणि २०१४ सालीं नांव नोंदलें गेलें. २०१६ सालीं चिकू उत्पादकांच्या संघामार्फत डहाणू-घोलवडच्या चिकूलाही तें संरक्षण मिळालें. धारेच्या हत्यारांनाही हा कायदा बंद नाहीं. मेरठच्या कात्र्यांचें नांव २०१३ सालीं असेंच नोंदलें गेलें आहे. असें नोंदलेलें नांव विकतां येत नाहीं आणि गहाणही ठेवतां येत नाहीं. तें त्या भूमीचें व तिच्या कारागिरांचें सामाईक धन राहतें. उषवदाताची ठेव जशी श्रेणींत अक्षय राहिली, तसेंच हें.

लोहाराला सरकारचें साह्य मिळत नाहीं असें नाहीं. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा धंद्यांत लोहाराचा व शस्त्र करणाऱ्याचा समावेश आहे. ओळखपत्र, शिक्षण, हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साह्य, आणि शेंकडा पांच व्याजानें प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचें कर्ज अशी तींत तरतूद झाली. ही मदत मोलाची खरी, पण ती माणसाला मिळते, धंद्याला नव्हे. ऐरण विकत घेतां येते. पात्याला पाणी देण्याची युक्ति शेजारच्या भात्यावरूनच शिकावी लागते. कोयता शेतीचें अवजार कीं शस्त्र, असा प्रश्न पोलिसांपुढें आला, तर एकट्या कारागिराच्या सांगण्यापेक्षां संघाच्या शब्दाला वजन येतें. भट्टीच्या धुरानें वा शाणेच्या धुळीनें एखादा अंथरुणाला खिळला, तर त्याच्या मुलाला दुसऱ्याच्या भात्यापाशीं उभें करण्याचें कामही संघच करूं शकतो.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याप्रमाणें निरनिराळ्या कुटुंबांतील दहा माणसें एकत्र आलीं म्हणजे संस्थेची नोंदणी मागतां येते. दहा लोहार डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यांत मिळणें अशक्य नाहीं. त्यांनीं वर्षांतून दोनदां एकत्र बसावें, एकमेकांचीं पातीं सुक्या बांबूवर चालवून पाहावींत, जें मोडेल त्याचें कारण उघडपणें शोधावें, आणि जें टिकेल त्यावर एक खूण ठोकावी, एवढ्यापासून आरंभ होऊं शकतो. वर्गणी थोडी असावी, दार उघडें असावें, आणि परीक्षा कडक असावी.

श्रेणीला सभासद देतो तें वर्गणीच्या मानानें फार थोडें असतें. पण आपलें काम दुसऱ्या कारागिराच्या डोळ्यांखालीं घालण्याची तयारी दाखवितो, ही गोष्ट थोडी नव्हे. ज्याला आपलें गुपित जपावयाचें आहे त्याला ती कठीण जाते. दाहनुकेच्या कांठीं मात्र ह्या बाबतींत जुना पायंडा आहे. तेथील होडी कोणा एकासाठीं नव्हती. पैलतीराला जाणाऱ्या प्रत्येकासाठीं ती फुकट होती, आणि म्हणूनच तिची नोंद दगडावर राहिली.